पाठीवरची बारीक अक्षरं

नेहरू प्लेसच्या मेट्रो स्टेशनातून बाहेर पडून मधल्या चौकाकडे वळलं की माल दिसायच्या आधी आकडे ऐकू येतात. ‘दस हजार, बीस हजार, पचास हजार!’ जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर मोबाइलची कव्हरं, टेम्पर्ड काचा, केबलींची भेंडोळी आणि कडेला चळत लावून ठेवलेल्या पॉवर बँका. ओरडणाऱ्याच्या तोंडी असतात ते रुपये नव्हेत, मिलीअँपिअर-अवर. भाव तो नंतर सांगतो, तोही गिऱ्हाइकाचा चेहरा बघून. पन्नास हजारवाली चारशेला; दोन पावलं पुढे गेलं की तीनशेला. याच चौकाच्या कडेला काचेच्या दुकानांत नावाजलेल्या कंपनीची दहा हजारवाली हजार रुपयांच्या आसपास मिळते. आकडा पाचपट आणि किंमत तिसरा हिस्सा. हा हिशेब कुठेतरी फसलाय हे कळायला विजेचं ज्ञान लागत नाही. नेमका कुठे, ते कळायला मात्र खोकं उलटं करून पाठीवरची बारीक अक्षरं वाचावी लागतात.

अंकाचा विषय ऊर्जा ठरल्याचं संपादकांनी कळवलं तेव्हा धरणं, अणुभट्ट्या आणि वाळवंटातले सौरप्रकल्प यांवर लिहिणारी जाणती मंडळी अंकात असणार हे धरूनच चाललो. मी खिशात मावणारी ऊर्जा निवडली. दिल्लीत ती निवडायला एक कारणही आहे. मेट्रोचं क्यूआर तिकीट मोबाइलमध्ये असतं आणि ते आत जाताना दाखवून भागत नाही, बाहेर पडतानाही दाखवावं लागतं; राजीव चौकाच्या गर्दीत मोबाइल बंद पडला तर माणूस फाटकाच्या आत अडकतो. छोलेवाल्याचे पैसे यूपीआयने, नोएडातल्या सोसायटीच्या फाटकावरची परवानगी अॅपवर, घरी नेणारी टॅक्सी अॅपवर. फरिदाबादहून गुरुग्रामला कामाला जाणारा माणूस दिवसाचे तीन-चार तास वाटेवरच असतो. अशा शहरात पॉवर बँक ही हौस राहत नाही.

सदतीस वॉट-अवर

आधी आकड्याचं प्रकरण मिटवू. पॉवर बँकेत लिथियम-आयनचे सेल असतात आणि अशा सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट धरतात. १०,००० मिलीअँपिअर-अवर म्हणजे १० अँपिअर-अवर, त्याला ३.७ ने गुणलं की ३७ वॉट-अवर. साठवलेली ऊर्जा खरी मोजली जाते ती या वॉट-अवरमध्ये. पण यूएसबीतून मोबाइलकडे वीज जाते ती ५ व्होल्टने किंवा त्याहून जास्त दाबाने. तळमजल्यावरच्या टाकीतलं पाणी पंपाने गच्चीवर चढवताना पंप स्वतःही काही खातो, तसं आतलं सर्किट दाब वाढवताना थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतं. ३७ वॉट-अवरला ५ ने भागलं तर ७,४०० येतात. घट वजा जाता हाती ६,००० च्या आसपास उरतात. ५,००० चा मोबाइल यातून साधारण दीड वेळा भरेल. तीन वेळा नाही, आणि दोन वेळाही नाही.

यात कंपनीने फसवलं असं म्हणता येत नाही, कारण प्रामाणिक कंपनी हे लिहिते. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत १०,००० आणि पाठीवर मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून ५,५०० ते ६,५०० च्या दरम्यानचा एखादा आकडा, ५ व्होल्टचा उल्लेख करून. घ्यायचा तो हाच आकडा. ज्या खोक्यावर तो नाही, वॉट-अवरही नाहीत, त्याच्या पुढच्या बाजूला काहीही छापलेलं असू शकतं.

पन्नास हजारवालीचंही गणित याच रीतीने सुटतं. ५० अँपिअर-अवर गुणिले ३.७ म्हणजे १८५ वॉट-अवर. आज बाजारात मिळणारे चांगले सेल किलोमागे साधारण २५० वॉट-अवर साठवतात. म्हणजे नुसत्या सेलचं वजन पाऊण किलोच्या घरात, त्यावर सर्किट आणि कवच. ताडपत्रीवरची ती पेटी हातात घेतली तर पाव किलोच्या वर जाईना. शेजारी भाजीवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा होता, पण त्याची गरज पडली नाही. दहा हजारवाली खरी असेल तर दोनशे ग्रॅमच्या मागेपुढे, वीस हजारवाली साडेतीनशे ते साडेचारशे. याहून फार हलकी असेल तर आत तेवढे सेल नाहीतच. जड असेल तर मात्र लगेच विश्वास टाकू नये. वजन भरण्यासाठी आत वाळू किंवा लोखंडाचा तुकडा घातलेल्या पेट्या लोकांनी फोडून दाखवल्या आहेत. वजनाने खोटं पकडता येतं, खरं सिद्ध होत नाही.

डब्याच्या आत कोण

पॉवर बँकेचं कवच उघडलं तर आत दोनच गोष्टी असतात. एक, सेल: कधी १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब अशा नळकांड्या, ज्यांना या धंद्यात ‘अठरा-साडेसहाशे’ म्हणतात, कधी चपट्या, चंदेरी पिशवीतले पॉलिमर सेल. दुसरी, नखाएवढ्या चिप बसवलेली हिरवी पट्टी. ही पट्टी पहारेकरी आहे. सेल ४.२ व्होल्टला पोचला की चार्जिंग थांबवायचं, ३ व्होल्टच्या आसपास उतरला की उपसा थांबवायचा, केबलीत शॉर्ट झाला की तोडायचं, तापमान वाढलं की तोडायचं. स्वस्त मालात पैसे वाचवले जातात ते याच पट्टीवर आणि सेलच्या जातीवर. कवच मात्र नेहमी चकचकीत असतं.

लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इतकी ऊर्जा इतक्या लहान जागी ठेवायची तर धन आणि ऋण बाजूंमध्ये केसाहून पातळ पडदा असतो आणि दोन्हींना भिजवणारं द्रव पेट घेणारं असतं. पडदा फाटला, दाबला गेला किंवा आतल्या धातूच्या कणाने टोचला गेला की आतल्या आत शॉर्ट होतो, उष्णता वाढते, वाढलेली उष्णता आणखी रसायन फोडते आणि ती साखळी स्वतःच स्वतःला पेटवत जाते. म्हणूनच सेल नवा आहे का, कुणी केला आणि कोणत्या दर्जाचा, हा प्रश्न किती हजाराची, या प्रश्नाच्या आधी यायला हवा.

या धंद्याचा एक प्रतिष्ठित चेहराही याच परिसरात आहे. शाओमीने भारतात पॉवर बँका बनवायला सुरुवात केली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये, नोएडात, हायपॅड टेक्नॉलॉजी या कंपनीबरोबर. कारखाना चालू असताना मिनिटाला सात पॉवर बँका बाहेर पडतील असं तेव्हा कंपनीने सांगितलं होतं. तिथून निघालेली दहा हजारवाली ७९९ रुपयांना आणि वीस हजारवाली १,४९९ ला होती. अँब्रेन आणि पोर्ट्रॉनिक्स हे ब्रँडही मूळचे दिल्लीचेच. अर्थात ‘भारतात बनवलेली’ याचा अर्थ बहुतेक वेळा जुळणी इथली, सेल चीनचे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. जगभर तसंच आहे. प्रश्न सेल कुठल्या देशातून आला हा नसून कुठल्या दारातून आला हा आहे.

करोल बागच्या गफ्फार मार्केटमध्ये एका ठोक दुकानात हाच प्रश्न विचारला. दुकानदाराने प्रामाणिकपणे तीन थर सांगितले: कंपनीचा, ‘फर्स्ट कॉपी’ आणि ‘चालू’. चालू माल कुणाच्या सेलचा, हे त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्या पुरवठादारालाही नसेल. बिल मागितलं तर म्हणाला, ‘पक्का बिल चाहिए तो अठारह परसेंट अलग.’ लिथियम-आयन पॉवर बँकेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, १ जानेवारी २०१९ पासून तो १८ टक्क्यांवर आला. पण हे अठरा टक्के वाचवताना गिऱ्हाईक फक्त कर वाचवत नाही. विकणाऱ्याचा मागमूसही स्वतःच पुसून टाकतं. उद्या पेटी फुगली तर ती कुणाकडून घेतली याचा कागद उरत नाही.

मानक भवनाचा शिक्का

दिल्लीत आयटीओच्या चौकाजवळ, बहादूर शाह जफर मार्गावर, मानक भवन आहे: भारतीय मानक ब्युरोचं मुख्यालय. प्रेशर कुकरवरचा आयएसआय शिक्का सगळ्यांना ठाऊक असतो. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी वेगळी सक्तीची नोंदणी आहे आणि नोव्हेंबर २०१४ च्या आदेशाने पॉवर बँका तिच्यात आल्या. पॉवर बँकेला आयएस १३२५२ (भाग १) हे मानक, आतल्या सेलला आयएस १६०४६. नोंदणी झाली की कारखान्याला इंग्रजी आर या अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नंबर मिळतो आणि तो वस्तूवर छापावाच लागतो.

ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपमध्ये हा आर-नंबर घातला की कारखान्याचं नाव, ब्रँड, वस्तूचा प्रकार आणि नोंदणी चालू आहे की नाही हे दिसतं. तिथे घाई करू नये. नंबर अस्तित्वात आहे एवढ्यावर समाधान मानलं तर फसगत होते, कारण दुसऱ्याचा नंबर आपल्या पाठीवर छापायला काहीच लागत नाही. ब्रँड जुळला पाहिजे, वस्तू ‘पॉवर बँक’ अशीच दिसली पाहिजे. दुकानात उभ्या उभ्या हे काम अर्ध्या मिनिटात होतं. नेहरू प्लेसच्या ताडपत्रीवर ते करायला लागल्यावर विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने पेटी हातातून काढून घेतली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

या शिक्क्याला एक मर्यादा आहे आणि ती कुणी सांगत नाही. हे मानक सुरक्षेचं आहे. पेटी पेटू नये, झटका लागू नये, यासाठी नमुन्याची चाचणी प्रयोगशाळेत होते आणि नोंदणी उत्पादकाच्या हमीवर चालते. पुढच्या बाजूचा आकडा खरा आहे, असं तो शिक्का म्हणत नाही. आकड्याचा खरेपणा बघायचा तर लाजपतराय मार्केटमध्ये काहीशे रुपयांत मिळणारा यूएसबी मीटर लावून किती वॉट-अवर बाहेर येतात ते मोजावं लागतं. सामान्य माणसाने एवढं करायची गरज नाही. पण हौशी भाच्याला भेट द्यायला ती वस्तू छान आहे.

ऑनलाइन घेतलं की निश्चिंत, अशीही एक समजूत आहे. मार्च २०२५ मध्ये ब्युरोच्या पथकाने दिल्लीतल्या मोहन को-ऑपरेटिव्ह इंडस्ट्रियल एरियात अॅमेझॉनच्या गोदामावर छापा घातला तेव्हा गिझर, मिक्सर यांसारख्या साडेतीन हजारांहून अधिक वस्तू आवश्यक प्रमाणन चिन्हाशिवाय सापडल्या. तिथे पॉवर बँकांचा विषय नव्हता. पण मोठ्या दुकानातून आलेलं पुडकं आपोआप तपासलेलं असतं, हा भ्रम दूर व्हायला तेवढं पुरे.

एक खोली, एक सॉकेट

गफ्फार मार्केटपासून जुनं राजिंदर नगर हाकेच्या अंतरावर आहे. यूपीएससीच्या क्लासेसची ही वस्ती. बार्टी, सारथी यांसारख्या संस्थांच्या साहाय्याने किंवा घरच्या पैशाने आलेली मराठी मुलं इथे पावलोपावली भेटतात. चहाच्या टपरीवर लातूर, बीड, साताऱ्याची बोली कानावर येते. खोल्या इतक्या लहान की खाट आणि टेबल ठेवल्यावर चालायला एक फरशी उरते. दोघांत मिळून एकच सॉकेट, त्यावर एक्स्टेंशन, एक्स्टेंशनवर किटली, लॅपटॉप, मच्छर मारायचं यंत्र. नोट्स पीडीएफमध्ये, म्हणून टॅबलेट. अभ्यासिकेतल्या टेबलाजवळ सॉकेट असेलच असं नाही.

इथे मिलीअँपिअरपेक्षा वॉटचा प्रश्न मोठा होतो. टॅबलेटची बॅटरी २८ ते ४० वॉट-अवरची असते; दहा हजारवाली पॉवर बँक तिला एकदा भरतानाही दमते. शिवाय टॅबलेटला १८, २० किंवा त्याहून जास्त वॉटची ओढ असते आणि जुन्या पॉवर बँकेचं तोंड १० वॉटचं. एका मुलाची तक्रार होती की टॅबलेट लावून व्हिडिओ बघत बसलं तर टक्के वाढायच्या ऐवजी उतरतात. पॉवर बँक बिघडलेली नव्हती. स्क्रीन जेवढं खात होती त्याहून कमी आत येत होतं.

टॅबलेटसाठी घ्यायची तर टाइप-सी तोंडावर ‘पीडी’ (पॉवर डिलिव्हरी) आणि किमान २० वॉट लिहिलेलं बघावं. इथेही पाठ वाचावी लागते. पुढे ‘२२.५ वॉट’ असतं, पण ते बऱ्याचदा जुन्या रुंद तोंडातून आणि ठरावीक मोबाइलांनाच मिळतं; टाइप-सी मधून १८ किंवा २०. दोन वस्तू एकदम लावल्या की दोन्ही तोंडं मिळून १५ वर येतात. ८० वॉटचा म्हणून घेतलेला मोबाइल साध्या पॉवर बँकेवर त्याच्या निम्म्यानेही भरत नाही, कारण ती ८० वॉटची चाल त्या कंपनीच्या स्वतःच्या चार्जरलाच कळते. केबलीचंही तसंच: साधी टाइप-सी केबल ६० वॉटपर्यंत ठीक, त्यावर चिप असलेली लागते. पदरी चांगली पॉवर बँक आणि वर तीस रुपयांची केबल, ही जोडी मी राजिंदर नगरात खूप पाहिली.

स्वतः पॉवर बँक भरायला किती वेळ लागतो, हे विकत घेताना कुणीच विचारत नाही. वीस हजारवाली १० वॉटने भरायची तर नऊ-दहा तास. १८ वॉटने घेणारी असेल तर पाच-सहा. एकच सॉकेट वाट्याला असलेल्या माणसाला हा फरक रोज टोचतो. इअरफोनची डबी लावली की पॉवर बँक आपोआप बंद पडते, अशीही तक्रार ऐकली. एवढा कमी प्रवाह तिला रिकाम्या केबलीसारखा वाटतो. अनेक कंपन्यांच्या पेटीवर बटण दोनदा दाबलं की कमी प्रवाहाची चाल सुरू होते. माहितीपत्रक कुणी वाचत नाही, म्हणून हे इथे लिहून ठेवतो.

सुट्टीला ही मुलं निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेस किंवा पुण्याची दुरांतो पकडतात. रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातली चार्जिंगची सॉकेटं बंद ठेवायचं धोरण रेल्वेने आगीच्या भीतीने घेतलं, त्यामुळे रात्री मोबाइल उशाशी आणि पॉवर बँक त्याच्या उशाशी. निजताना पॉवर बँक पांघरुणात ठेवून चार्जिंग लावू नये, एवढं कुणीतरी त्यांना सांगायला हवं. उष्णता बाहेर पडायला वाट लागते.

पाठीवर सौर पट्टी चिकटवलेल्या पॉवर बँकाही गफ्फारमध्ये ढिगाने दिसल्या. तळहाताएवढी पट्टी कडक उन्हात फार तर एक-दीड वॉट देते. ३७ वॉट-अवर भरायला लख्ख उन्हाचा आठवडा जाईल, आणि त्या आठवड्यात उन्हात तापून सेलचं आयुष्य घटेल ते वेगळं. सूर्यावर मोबाइल चालतो हे दिल्लीच्या वेशीवर २०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनात सगळ्यांनी पाहिलं; सिंघू आणि टिकरीला ट्रॉल्यांवर सौर पॅनल होते आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून मोबाइल भरले जात होते. पण ते पॅनल दरवाजाएवढे होते. खिशातली सौर पॉवर बँक हे खेळणं आहे.

शेहेचाळीस अंश

२९ मे २०२४ ला सफदरजंगला पारा ४६.८ अंशांवर गेला. लिथियम-आयन सेल भरण्याची वरची मर्यादा साधारण ४५ अंश मानतात. म्हणजे त्या दुपारी सावलीत ठेवलेली पॉवर बँकसुद्धा चार्जिंगला लावण्याच्या लायकीची नव्हती. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरची तर विचारूच नका.

गुरुग्रामला एका किराणा-अॅपच्या गोदामाबाहेर दुपारी दोन वाजता डिलिव्हरीची पोरं झाडाखाली थांबली होती. मोबाइल हँडलवरच्या क्लिपमध्ये, नकाशा सतत चालू, उन्हात दिसावं म्हणून स्क्रीन पूर्ण उजळलेली. बारा तासांच्या पाळीत बॅटरी दोनदा संपते. पॉवर बँक कुणाच्या पाठीवरच्या बॅगेत, कुणाच्या पँटच्या खिशात, आणि काहींनी रबराने हँडललाच बांधलेली. पाऊस, धूळ, खड्डे आणि ऊन, यांतल्या कुठल्याच गोष्टीसाठी ती पेटी केलेली नसते. त्या पोरांतल्या एकाने मला त्याची पॉवर बँक दाखवली. मधोमध फुगवटा, कवचाची शिवण उकललेली. अजून चालते, म्हणाला. नवी घेतली तर दीड दिवसाची कमाई जाते.

फुगवटा म्हणजे आतलं द्रव फुटून वायू झालाय. ती पेटी संपली आहे, मग ती चालत असो वा नसो. ती दाबून बसवू नये, टोचून हवा काढू नये, पुन्हा चार्ज करू नये. त्याला हे सांगितलं. त्याने मान डोलावली आणि ऑर्डर आली म्हणून पेटी खिशात घालून निघून गेला. इथे माझ्या सल्ल्याची किंमत किती, हे मला कळत होतं. ज्याचा मोबाइल हेच कामाचं हत्यार आहे त्याला कंपनीने टी-शर्ट आणि बॅग देताना धड पॉवर बँक का देऊ नये, हा प्रश्न त्याला विचारण्याचा नाही.

टर्मिनल तीनची रांग

इंदिरा गांधी विमानतळावर चेक-इनच्या रांगेत ‘बॅगेत पॉवर बँक आहे का?’ हे वाक्य दिवसभर ऐकू येतं. असेल तर तिथेच बॅग उघडून काढावी लागते. न सांगता गेली तर एक्स-रेत दिसते, बॅग अडते आणि कधी कधी बॅगेचा मालक विमानात, बॅग दिल्लीत असं होतं.

नियम समजायला सोपा आहे, अट एवढीच की वॉट-अवर माहीत हवेत. १०० वॉट-अवरपर्यंत हातातल्या सामानात चालते. १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी, त्याही दोनच. त्यावर मुळीच नाही. विमानाच्या पोटातल्या सामानात कुठलीच नाही. म्हणजे २७,००० पर्यंतची पॉवर बँक निर्धास्त, ३०,००० ची १११ वॉट-अवर भरते आणि परवानगीत अडकते, आणि ती पन्नास हजारवाली, छापल्याप्रमाणे खरी असती तर, विमानात चढूच शकली नसती. पाठीवर काहीच वाचता येत नसेल तर सुरक्षा कर्मचारी ती ठेवून घेऊ शकतो.

पोटातल्या सामानावर बंदी का? तिथे धूर निघालेला कुणाला दिसत नाही, आणि मालाच्या कप्प्यातला आगविरोधी वायू ज्वाळा दाबतो पण सेलच्या आत चाललेली साखळी थांबवत नाही. केबिनमध्ये निदान कुणीतरी ओरडतं आणि पाणी ओतून ती गार करता येते. १९ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीत, दिल्लीहून दिमापूरला निघालेलं इंडिगोचं विमान धावपट्टीकडे जात असताना एका प्रवाशाच्या समोरच्या सीटच्या खिशातली पॉवर बँक पेटली. कर्मचाऱ्यांनी काही क्षणांत विझवली, विमान परत आलं, सगळे सुखरूप. त्याच वर्षी २८ जानेवारीला कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी जळून गेलं होतं. सगळे १७६ जण बाहेर पडले, आणि वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवर संशयाचं बोट गेलं. मग कोरियाने वरचा कप्पा बंद केला, चीनने जूनपासून देशांतर्गत विमानांत स्वतःच्या प्रमाणपत्राशिवायच्या पॉवर बँका रोखल्या, एमिरेट्सने ऑक्टोबरपासून विमानात वापरायला मनाई केली. आपल्याकडेही विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवू नये आणि उड्डाणात तिच्यावरून मोबाइल चार्ज करू नये, असं बजावलं.

नामांकित ब्रँडचीही खात्री शंभर टक्के नसते. जून २०२५ मध्ये अँकर कंपनीने अमेरिकेत दहा हजारवालीचं एक मॉडेल परत मागवलं. अकरा लाखांहून जास्त नग. पण ते परत मागवता आले याचं कारण त्यांच्या पाठीवर मॉडेल क्रमांक होता आणि मागे उत्तर देणारी कंपनी. ताडपत्रीवरची पेटी कुणी परत मागवणार नाही.

सीलमपूर

यमुनेपलीकडे सीलमपूरच्या गल्ल्यांत देशभरातला इलेक्ट्रॉनिक कचरा फुटतो. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या पोत्यांनी येतात. एका ओट्यावर एक मुलगा स्क्रू ड्रायव्हरने त्यांचं प्लास्टिक उकलत होता; प्रत्येकातून सहा नळकांडी सेल निघत होते, तेच अठरा-साडेसहाशे. शेजारचा माणूस मीटर टेकवून बघे: जिवंत डावीकडे, मेलेले उजवीकडे. डाव्या ढिगाला पुढे नवं रंगीत प्लास्टिकचं आवरण चढतं. ते टॉर्चमध्ये जातात, खेळण्यांत जातात आणि पॉवर बँकांतही जातात. मीटर एवढंच सांगतो की या घडीला सेलमध्ये दाब आहे. त्याने किती वर्षं काढली, पडदा कितपत शाबूत आहे, हे मीटर सांगत नाही. तीनशे-पाचशे वेळा भरून रिकामा झालेला सेल आधीच मूळच्या ऐंशी टक्क्यांवर आलेला असतो, तिथून पुढे घसरण.

म्हणजे तीनशे रुपयांच्या पॉवर बँकेतला सेल कदाचित कुणाच्या तरी ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये एक जन्म काढून आलेला आहे. त्या ओट्यावरच्या मुलाला दोष द्यावासा वाटत नाही. वस्तू वाया न घालवण्याचं काम तो हातमोज्यांशिवाय करतो आहे. दोष आहे तो जुना सेल नवा म्हणून विकणाऱ्याचा.

दुसरी वाटही आहे. ग्रेटर नोएडातली लोहम ही कंपनी आणि नोएडाच्या अटेरो कंपनीचा रुडकीतला कारखाना बॅटऱ्या दळून त्यांतलं लिथियम, कोबाल्ट, निकेल परत काढतात. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकावर जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी टाकली आहे. पण त्या कारखान्याच्या दारापर्यंत माझी-तुमची एक पॉवर बँक पोचवणारा माणूस अजून गल्लीत दिसत नाही. दिसतो तो कबाडी, आणि त्याची वाट सीलमपूरला जाते. तोवर कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा ई-कचऱ्याच्या पेटीत देणं, देण्याआधी तोंडांवर चिकटपट्टी लावणं आणि घरच्या कचऱ्यात कधीही न टाकणं एवढं आपल्या हातात आहे. कचऱ्याची गाडी माल दाबून भरते. दाबलेला सेल काय करतो ते वर आलंच आहे.

भेटीचा हंगाम

दिवाळीच्या महिनाभर आधीपासून सदर बाजार आणि करोल बागेतल्या ठोक दुकानांत वेगळी गर्दी असते. गुरुग्राम-नोएडाच्या कचेऱ्यांतून माणसं येतात, पाचशे नगांचा भाव विचारतात आणि वर कंपनीचा लोगो छापून मागतात. मिठाईच्या डब्याबरोबर लोगोवाली पॉवर बँक ही इथली रूढ भेट झाली आहे. लोगो चढतो तो पुढच्या बाजूला. पाठीवर काय आहे ते खरेदी करणारा क्वचित बघतो, आणि भेट मिळालेला तर मुळीच नाही.

माझं मत विचाराल तर बहुतेकांना दहा हजारवाली पुरते, टॅबलेट असेल किंवा लांबचा प्रवास असेल तरच वीस हजारवाली, त्यावर काही नको. आणि कचेऱ्यांत भेटवस्तू ठरवणाऱ्यांना एक विनंती: पाचशे पेट्यांची ऑर्डर देण्याआधी एक पेटी उलटी करा, आर-नंबर अॅपमध्ये घाला, आणि दुकानदार पक्कं बिल द्यायला कुरकुरला तर यंदा काजूकतलीच द्या.